झोपेत वाचलेलं सातवं प्रकरण

पैज लागली ती वरून पडलेल्या एका पुस्तकामुळे.

पुस्तक होतं कार्यकारणभावाचं. म्हणजे कशामुळे काय होतं, याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ते निसटलं आणि तळमजल्याच्या खिडकीत वाळत ठेवलेल्या प्लॅस्टरच्या जबड्यांवर धप्पदिशी आदळलं. दोन जबडे फुटले, एकाची नुसती दाढ गेली. कशामुळे काय झालं, हे कळायला मग पुस्तक उघडायची गरजच उरली नाही.

"तळटीप! अरे ए तळटीप!" कवळीकर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला. "तुझ्या पुस्तकानं माझे दात पाडले!"

वरून उत्तर आलं नाही. घोरणं आलं.

कवळीकर दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून कवळीकर. स्वतःच्या तोंडातही त्यानंच बनवलेली कवळी होती आणि ती तो जाहिरातीसारखी मिरवायचा. बोलताना कमी आणि हसताना जास्त. वर खुर्चीत झोपलेला तो तळटीप. खरं नाव टपालपेटीवर होतं, पण ते पोस्टमन सोडून कुणी वाचत नसे. कुणी सहज म्हणालं, "आज काय उकडतंय," की हा म्हणायचा, "उकडतंय खरं, पण कालच्या मानानं, आणि तेही सावलीत बसणाऱ्याला." प्रत्येक वाक्याच्या पायाशी याची एक बारीक टीप. मग नाव पडणार नाही तर काय होणार?

त्याचा धंदाही तसलाच. तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं त्याच्याकडे यायची, तो ती वाचायचा आणि एका त्रैमासिकात त्यांची परीक्षणं लिहायचा. तीस वर्षं हेच. ही पुस्तकं लिहिणारे थोडे, विकत घेणारे त्याहून थोडे आणि वाचणारे, कवळीकरच्या मते, शून्य.

"शून्य कसे?" जागा होऊन, डोळे चोळत खाली आलेला तळटीप म्हणाला. "मी वाचतो ना."

"तू झोपतोस. आवारातून सगळं दिसतं. पुस्तक उघडतोस, चष्मा पुसतोस, पान उलटतोस आणि गेलास! मला औषध म्हणून असलं एक पुस्तक दे रे. आमच्या हिला झोप येत नाही."

आवारात हशा पिकला. नळावर बादली भरणाऱ्या ट्रॅफिकबाईही हसल्या. त्या दिवसभर चौकात गाड्यांना हात दाखवायच्या, आणि घरी आल्यावरही त्यांची शिट्टी गळ्यातच असायची. तळटीपची बायको पोहण्याच्या तलावावरून ओला टॉवेल खांद्यावर टाकून येत होती. ती पोरांना पोहायला शिकवायची. तीही हसली, आणि ते मात्र तळटीपला झोंबलं.

"हे बघ," तो म्हणाला, "डुलकी लागते, नाही म्हणत नाही. पण शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. तीस वर्षांत एकही नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? गाडी नाही, बंगला नाही. एवढा एक शब्द आहे."

"लाव पैज मग!"

"लाव!"

आता पैज लावणं सोपं, निकाल लावणं अवघड. यानं वाचलं की नाही, हे तपासायचं तर दुसऱ्या कुणीतरी ते पुस्तक वाचायला हवं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ट्रॅफिकबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका, मला ड्यूटी आहे." शेवटी तोडगा त्यांनीच काढला. आता जे नवीन पुस्तक येईल, त्याचं परीक्षण छापून आलं की पुस्तक लिहिणाऱ्यालाच विचारायचं: या माणसानं वाचलंय का? लेखक म्हणेल ते खरं. त्याच्याइतकं कोण ओळखणार?

"आणि हरला तर?" कवळीकरचे डोळे लुकलुकायला लागले. हा माणूस पन्नाशी उलटली तरी बेल वाजवून पळून जायचा. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार? "हरलास तर रविवारी सकाळी इथं, आवाराच्या मधोमध, खाटेवर झोपायचं. नाइट ड्रेसमध्ये. सगळ्यांच्या देखत. नुसतं पडायचं नाही हां, झोपायचं! चोरून झोपतोस, आता उघड झोप."

"आणि तू हरलास तर इथंच बसून ते अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचायचं," तळटीप म्हणाला. "कवळी काढून."

ट्रॅफिकबाईंनी शिट्टी मारली. ठरलं.

पुस्तक आलं ते लक्षाविषयीचं. लक्ष देणं म्हणजे काय, ते कुठून येतं, कुठं जातं, यावर सहाशे पानं. लेखिका कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेल्या, आधी एकही पुस्तक नावावर नसलेल्या. बायकोनं पुस्तक हातात तोलून पाहिलं.

"लक्ष देण्यावर पुस्तक, आणि वाचणार कोण? तुम्ही!" ती म्हणाली. "अहो, मागच्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला."

"झाला?"

"झाला."

तळटीपनं या वेळी कंबर कसली. थंड पाण्याची परात पायाखाली ठेवली. खुर्ची सोडून कडक स्टूल घेतलं. तोंडात लवंग धरली. पहिलं प्रकरण त्यानं उभ्यानं वाचलं, दुसरं फेऱ्या मारत. खिडकीतून कवळीकर हाक मारायचा, "जागा आहेस ना रे?" आणि हा वरून पान फडफडवून दाखवायचा.

पुस्तक सोपं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. लेखिका एकेक पाऊल जपून टाकायच्या. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष म्हणजे जागेपणाचा दिवा. जिथवर त्याचा उजेड, तिथवर माणूस. त्यापलीकडे माणूस नाहीच. तळटीप समासात पेन्सिलीनं खुणा करत गेला. कुठे 'वा!', कुठे 'असं कसं?'. तिसरं प्रकरण, चौथं, पाचवं. शपथेवर सांगायचं तर सहा प्रकरणं त्यानं अक्षर न् अक्षर वाचली.

सातवं शेवटचं.

त्या दुपारी ऊन असं होतं, की जणू कुणी भिंतींना मधाचा हात दिलाय. आवारात दोरीवरचे कपडे हलत नव्हते. खाली कवळीकर दात घासत होता, म्हणजे गिऱ्हाइकाचे, कानशीनं. घर्र, घर्र, घर्र. स्टूल टोचत होतं म्हणून तळटीप जरा खुर्चीत टेकला. फक्त शेवटच्या प्रकरणापुरता. मांडीवर सहाशे पानांचं वजन मांजरासारखं ऊबदार बसलं. त्यानं पान उलटलं आणि तिथंच त्याचा डोळा लागला.

हे आपल्याला कळलं. त्याला नाही कळलं.

त्याला वाटलं, तो वाचतोच आहे. फक्त ओळी आता जरा रुंद झाल्या होत्या, एवढ्या की त्यांच्यातून चालता येत होतं. स्वल्पविरामांच्या खुंट्यांवर लोकांचे कोट टांगलेले होते. एका लांबलचक वाक्याच्या बोळातून तो गेला. वाक्य संपता संपेना, पण कंटाळाही येईना, कारण पायाखाली गालिचा होता आणि कुठूनतरी दूर लाटा आल्यासारखं घर्र, घर्र ऐकू येत होतं. बोळाच्या टोकाला दार. दारावर आकडा सात.

आत एक खोली. एक बाई लोकरीचा गुंडा वळत बसलेली. समोर खुर्चीत तिचा नवरा, दोन्ही हात पुढे धरून, हातांवर लोकरीची लड. आणि नवरा झोपलेला! मान कलंडलेली, तोंड उघडं. पण हात? हात जागे. लोकर डावीकडून सुटायची तेव्हा डावा हात हलकेच वाकायचा, उजवीकडून सुटायची तेव्हा उजवा. धागा एकदाही अडत नव्हता. बाई वर न बघता म्हणाली, "यांचं लक्ष डोक्यात नसतं तेव्हा हातात उतरतं. माणूस दिवा विझवून झोपतो, पण घर काही निघून जात नाही." आणि धागा सुटत राहिला, निळा, मग निळ्याहून निळा, आणि खोली त्या निळ्यानं भरत गेली. तळटीपला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की तिथंच बसून राहावं.

तो जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. पुस्तक मिटलेलं, खूण शेवटच्या पानाशी. (बायको मधे येऊन गेली होती. तिनं पुस्तक उचलून मिटलं आणि जमिनीवर पडलेली खूण हाताला लागलं त्या पानात खोचली. तिचा काय दोष?) छातीत काहीतरी भरून आलेलं. तो उठला, टेबलाशी बसला आणि एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं. पहिल्या सहा प्रकरणांना त्यानं नीट तोललं, दोन ठिकाणी चिमटा काढला. आणि सातव्यावर आला तेव्हा पेन धावायला लागलं. 'स्वतःच्याच आधीच्या मांडणीला इतक्या प्रेमानं उलटं करणारं प्रकरण फार दिवसांनी वाचायला मिळालं,' असं त्यानं लिहिलं. लोकरीचा दाखला सबंध उतरवला.

एकदा पडताळून बघायला हवं होतं. मनात आलंही होतं. पण सुखाला कोण ओळखपत्र मागतं? पाकीट बंद करून तो पेटीत टाकून आला.

अंक आला. कवळीकरनं तो आवारात कट्ट्यावर उभं राहून वाचून दाखवला, आवाज काढून काढून. पण लोकरीपाशी आल्यावर त्याचा आवाज नकळत साधा झाला.

"हे बरं आहे रे," तो म्हणाला. "आमचे वडील असेच झोपायचे. हातातली विडी न पाडता."

"मग? हरलास का?"

"लेखिकाबाई म्हणू देत. तोवर माझी कवळी तोंडातच."

लेखिकाबाईंना कळवायची गरज पडली नाही. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस बारीक कापलेले, कापडी पिशवीत एकीकडे अंक आणि दुसरीकडे स्वतःचं पुस्तक. आवारात त्यांनी विचारलं, "ते परीक्षण लिहिणारे कुठे राहतात?" आणि कवळीकरच्या अंगात वीज संचारली. तो स्वतः त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला. वाटेत पडलेल्या पुस्तकाची आणि फुटलेल्या जबड्यांची गोष्ट सांगायला विसरला नाही. पैजेचं मात्र दातांखाली दाबून ठेवलं.

वर तळटीपनं खुर्ची पुसून दिली. बायकोनं चहा ठेवला.

"तुम्ही फार छान लिहिलंय," लेखिकाबाई म्हणाल्या.

तळटीप लाजला. "छे, छे. पुस्तकच तसं—"

"फक्त एक विचारायचं होतं. ती लोकरवाली बाई कोण?"

"कोण म्हणजे? सातव्या प्रकरणातली."

"कुठल्या पानावर?"

तळटीप हसला आणि आपली प्रत काढली. समासात पेन्सिलीच्या खुणा. सहावं प्रकरण संपेपर्यंत. मग सातवं. समास कोरा. तो पानं उलटत गेला. आधी सावकाश, मग भरभर, मग परत मागून पुढे. लोकर नव्हती. खोली नव्हती. निळं काही नव्हतं. होतं ते काळंपांढरं, कष्टानं रचलेलं, आणि त्यात एकही ओळखीचं वाक्य नव्हतं. त्याच्या कानशिलातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं.

बायकोनं चहाचे कप टेबलावर ठेवले आणि तिथंच टेकली.

"मी घरी तीन दिवस माझंच पुस्तक चाळत होते," लेखिकाबाई म्हणाल्या. "म्हटलं, म्हातारपण आलं, लिहून विसरले की काय. मग लक्षात आलं. अहो, मी बरोब्बर उलटं म्हटलंय! सातव्यात मी म्हणते, की झोपलेला माणूस, त्या वेळापुरता, नाहीच. तुम्ही मला माझ्याच समोर उभं केलंत, आणि वर म्हणालात, वा, काय छान भांडतायत!"

"मी... मला खरंच वाटलं मी वाचलं."

"ते कळलं मला. खोटं लिहिणारा इतकं चांगलं लिहीत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि एक सांगा. झोपेत हात जागे असतात म्हणता ना? मग त्या दिवशी तुमच्या हातातलं पुस्तक खाली जबड्यांवर कसं पडलं?"

बायको फस्सकन हसली. तळटीपलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या तळाशी त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं.

लेखिकाबाई मात्र आता हसत नव्हत्या. त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत होत्या. "अकरा वर्षं लिहीत होते. एकच परीक्षण आलं. दुसरं येईल असं काही वाटत नाही. आणि जे आलं, ते दुसऱ्याच पुस्तकाचं." मग घाईनं म्हणाल्या, "मी भांडायला नाही आले. आले होते खरं तर भांडायलाच, पण तुमचा चेहरा बघून राहिलं. मी संपादकांना काही कळवणार नाही. परीक्षण चांगलं आहे, लोक पुस्तक उघडतील तरी. जाते मी."

तळटीप त्यांना सोडायला जिना उतरला.  तीस वर्षं जपलेला तो एक शब्द. आणि आता तो शाबूत राहिला होता कारण एक बाई भली होती.

खाली अख्खं आवार उभं. कवळीकर सगळ्यांच्या पुढे, ट्रॅफिकबाई युनिफॉर्ममध्ये.

"बाई, एक मिनिट," ट्रॅफिकबाई म्हणाल्या आणि पैजेची हकिगत थोडक्यात सांगितली. "तर तुमच्यावर आहे. काकांनी तुमचं पुस्तक वाचलंय का?"

लेखिकाबाईंनी तळटीपकडे पाहिलं. मग कवळीकरकडे, त्याच्या ओठांच्या कडेला लोंबणाऱ्या हसण्याकडे.

"वाचलंय म्हणजे?" त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त वाचलंय."

टाळ्या पडल्या! कुणीतरी शीळ घातली. कवळीकरचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस खिलाडू, त्यानं हात तोंडाशी नेला आणि कवळी काढायला अंगठा आत घातलासुद्धा. "ह्या! हल्लो बुवा," तो म्हणाला, म्हणजे हरलो.

तळटीपला ते सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं. हलणारे हात, उघडे दात, ट्रॅफिकबाईंची चकचकणारी शिट्टी. जिंकणं इतकं जवळ होतं, की नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. प्रत्येक वाक्याखाली टीप हवीच.

"थांब, कवळी राहू दे," तो म्हणाला. "मी हरलो."

"काका, बाई म्हणतायत ना—"

"बाई मला वाचवतायत. सातवं प्रकरण मी वाचलेलंच नाही. झोपलो. ती लोकर, ते हात, सगळं स्वप्न होतं. छापून आलेलं स्वप्न."

 कवळीकरला हा विजय कुठं ठेवावा ते कळेना. त्यानं अंगठा तोंडातून बाहेर काढला आणि सदऱ्याला पुसला.

"मग माझे वडील?" तो एवढंच म्हणाला. "त्यांची विडी तर खरी होती."

त्याच संध्याकाळी तळटीपनं संपादकांना फोन केला. सगळं सांगितलं. मग संपादक म्हणाले, "पुढच्या अंकात खुलासा छापावा लागेल, तुमच्या सहीनं. आणि पुढची पुस्तकं... बघू." 'बघू' म्हणजे काय, ते तळटीपला चांगलं कळत होतं. हा शब्द त्यानं स्वतः कितीतरी लेखकांना ऐकवला होता.

"खुलासा लिहीन," तो बायकोला म्हणाला. "पण आधी सातवं प्रकरण वाचायला हवं. आणि आता उघडायला गेलो की हात मागे येतात गं. प्रत्येक ओळ म्हणते, आता आठवण झाली का?"

"पाण्याला घाबरलेल्या पोराला मी काठावर समजावत बसत नाही," बायको म्हणाली. "सरळ आत घेऊन उतरते." मग ती टॉवेल वाळत घालायला गेली. येताना टेबलावरच्या पुस्तकातून तिनं लेखिकाबाईंचा पत्ता पाहून घेतला, हे मात्र तिनं त्याला सांगितलं नाही.

रविवार उजाडला तो पिसासारखा हलका. ढग पातळ, ऊन दुधातलं. खाट तळटीप आणि कवळीकरनं मिळून जिन्यावरून खाली आणली. वळणावर ती अडकली आणि दोघं एकमेकांवर खेकसले. खाट आवाराच्या मधोमध ठेवली. भोवती खुर्च्या, स्टुलं, उलट्या बादल्या. कवळीकरनं खिडकीतले जबडेसुद्धा ओळीनं कट्ट्यावर मांडले होते, पहिल्या रांगेत. "यांनाही बघू दे," म्हणाला. "यांचे भाऊबंद गेलेत."

तळटीप पट्ट्यापट्ट्यांच्या नाइट ड्रेसमध्ये आला तेव्हा असा ओरडा झाला, की पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

"उशी कुठली घेतलीत?" बायकोनं वरून विचारलं. "माझी नको हां!"

तो आडवा झाला. डोळे मिटले. आवार श्वास रोखून बघू लागलं.

आता गंमत बघा. तीस वर्षं ज्या माणसाला पुस्तक उघडलं की डुलकी लागायची, त्याला झोप येईना! कुशीवर वळला. दुसऱ्या कुशीवर वळला. पोटावर झाला. कुणी खोकलं की पापण्या हलायच्या.

"नुसतं डोळे मिटणं चालणार नाही, काका," ट्रॅफिकबाई म्हणाल्या. "गाडी उभी आहे, पण इंजिन चालूय. मला ऐकू येतंय."

"अंगाई म्हणू का?" कवळीकर म्हणाला. "का लोकर आणू?"

"तू गप्प बस रे. तुझ्या तोंडाकडे बघून कुणाला झोप येईल?"

फाटक वाजलं. लेखिकाबाई आल्या होत्या, तीच कापडी पिशवी घेऊन. तळटीप उठून बसायला गेला, पण ट्रॅफिकबाईंनी हात दाखवून थांबवला. त्यानं गॅलरीकडे पाहिलं. बायको तिथं कठड्यावर कोपर टेकून उभी होती, भलतीकडेच बघत.

"झोप येत नाहीये म्हणतात यांना," लेखिकाबाईंना कुणीतरी सांगितलं.

"मग सोपं आहे," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून खाटेशेजारी बसल्या, पिशवीतून पुस्तक काढलं आणि खुणेशिवायच बरोबर जागी उघडलं. "सातवं प्रकरण."

टाळ्या, हसणं. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

आवाज मोठा नव्हता. शिकवून शिकवून झिजलेला, कडा गुळगुळीत झालेला आवाज. वाक्यं लांब होती, पण त्या ती अशी वाचत, की एकेक वाक्य पायरीपायरीनं उतरावं. दिव्याचं उदाहरण आलं. दिव्याभोवतीच्या अंधाराचं आलं. पहिल्या पानाला लोक हसत होते, दुसऱ्याला गप्प झाले. तिसऱ्या पानाला उलट्या बादलीवरचा माणूस भिंतीला टेकला. ऊन सरकत सरकत खुर्च्यांवर आलं. कवळीकरनं हनुवटी छातीवर ठेवली, फक्त विचार करायला म्हणून, आणि तिथंच राहिला. त्याची कवळी पुढे येऊन ओठांवर टेकली आणि तो तिच्यामागे लहान पोरासारखा दिसू लागला. ट्रॅफिकबाईंची शिट्टी श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली. वर गॅलरीत बायकोनं कठड्यावर हातांची घडी केली आणि तिच्यावर गाल ठेवला. दोरीवरचे कपडेही जड होऊन लोंबले. पलीकडच्या इमारतीतल्या उघड्या खिडक्यांमधून एकेक डोकं आत गेलं.

लेखिकाबाई वाचत होत्या. पान उलटताना त्यांनी मान वर केली आणि त्या थबकल्या. सगळं आवार झोपलेलं. जिकडे बघावं तिकडे कलंडलेल्या माना, उघडी तोंडं, मांडीवर पडलेले तळवे. आणि मधोमध खाटेवर, पट्ट्यापट्ट्यांच्या नाइट ड्रेसमध्ये, कोपरावर उठून बसलेला एकच माणूस, टक्क जागा.

त्या परत वाचू लागल्या. पण आवाजात आता काहीतरी हललं होतं. प्रत्येक वाक्य आता कुणाला तरी मिळत होतं.

झोपलेला माणूस त्या वेळापुरता नसतोच, असं म्हणणारा परिच्छेद आला. तळटीपनं तो ऐकला. आजूबाजूला पाहिलं. कवळीकरकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"थांबा," तो हळूच म्हणाला, कुणी जागं होऊ नये म्हणून. "मागचं वाक्य परत वाचाल का?"

"का?"

"मला ते पटत नाही."

लेखिकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खुर्ची खाटेजवळ ओढली. मग बोट ओळीवर ठेवून त्या मागे गेल्या आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश, एकेक शब्द त्याच्या हातात ठेवल्यासारखं वाचू लागल्या.